कंडक्टरचं भाकीत

३ जून

आजही वाद. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न काढता बोलतो आणि मी त्याच्या पाठीशी उभा राहून ओरडतो — एकोणीस वर्षं आमची जोडी अशीच चालली आहे. तो सरकारच्या बाजूच्या युनियनचा, मी विरोधातल्या युनियनचा. तो म्हणतो देश पुढे चाललाय. मी म्हणतो चाललाय खरा, पण आपल्याला स्टॉपवर ठेवून.

आज पुन्हा बजावलं. आधी कंडक्टर जाणार, मग ड्रायव्हर, आणि शेवटी मत कुणाला द्यायचं तेही मशीनच सांगेल. तो हसला. माणसाला माणूस लागतोच, म्हणाला. हे ऐकून ऐकून कान किटले माझे. घोडामैदान जवळच आहे!

गेल्या वर्षी युनियनच्या वार्षिक अंकात मी हेच लिहिलं होतं — पाच वर्षांत कंडक्टर दिसणार नाही. कुणी वाचलं नाही. बायकोनंसुद्धा.

९ जून

पाच कुठली, एकच वर्ष लागलं. आगाराच्या फळ्यावर नोटीस आहे. पहिल्या तारखेपासून आमच्या मार्गावर कंडक्टर नाही. दाराशी मशीन, प्रवाशानं कार्ड टेकवायचं. आम्ही सगळे 'अतिरिक्त'. थोड्यांना दुसरं काम, बाकीच्यांना स्वेच्छानिवृत्ती. माझी अजून सात वर्षं आहेत!

खरं लिहितो, इथे कोण बघतंय. नोटीस वाचताना पहिल्यांदा क्षणभर आनंद झाला. बघा, म्हणत नव्हतो? मग नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली.

बायको कपडे वाळत घालत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही नेहमीच म्हणायचात. मला वाटायचं, तुम्हाला बोलायला आवडतं." बादलीतले उरलेले कपडे संध्याकाळपर्यंत तसेच होते.

१४ जून

ड्रायव्हरच्या युनियननं कंडक्टर काढण्याच्या करारावर सही केली. दिवसभर त्याच्याशी फक्त बेलनं बोललो. एक — थांब. दोन — चल.

१ जुलै

कुणाला काम, कुणाला निवृत्ती याची यादी लागेपर्यंत मला आगाराच्या भांडारात बसवलंय. जुनी तिकीट-यंत्रं पुसून खोक्यात भरायची. मढं सजवल्यासारखं वाटतं.

दुपारी मेकॅनिक बातमी घेऊन आला. तिसऱ्या स्टॉपवर आमची बस थांबली ती थांबलीच. माणसं चढली, दार लागलं, पुढे रस्ता मोकळा. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. मागून हॉर्न. शेवटी एक बाई पुढे गेली आणि तिनं विचारलं, काका, गाडी बंद पडली का? तो डबल बेलची वाट बघत होता. सगळी बस हसली म्हणे. मेकॅनिकलाही सांगताना हसू आवरेना. मी हसलो त्याच्याबरोबर. तो गेल्यावर भांडाराचं दार लावून घेतलं.

५ जुलै

काही नाही.

११ जुलै

आगाराच्या गेटवर सभा. आगारप्रमुख साहेबांना जाब विचारायचा होता. मी पहिल्या रांगेत, घसा खाकरून तयार. आमच्या अध्यक्षांनी विचारलं, हे कुणाला विचारून ठरवलंत? साहेबांनी शांतपणे फाइल उघडली आणि वाचायला लागले. उद्याचा प्रवासी स्वतःच तिकीट काढेल. दाराशी उभा असलेला माणूस केवळ सवयीनं उभा असेल...

दुसऱ्या वाक्याला मला घाम फुटला. माझा लेख! कंडक्टर कमी करण्याच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर. जाणत्या कामगारांनाही हा बदल अटळ वाटतो, असं वर लिहिलेलं आणि खाली माझं नाव, बिल्ला नंबरसकट. लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं, म्हणून आत्ताच उभे राहा. तेवढं साहेबांनी वाचलं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. वळून बघायची हिंमत झाली नाही. आवाज आमच्याच युनियनमधला, ओळखीचा होता.

१२ जुलै

ड्रायव्हर भांडारात आला. मी आधीच चिडलेला. तुमच्या युनियननं सही केली आणि वर तोंड करून इथे येतोस, म्हणालो. त्यानं कबूल केलं. बैठकीत त्यानंही हात वर केला होता.

"का केला ते ऐक," म्हणाला. "एकोणीस वर्षं तू माझ्या कानाशी तेच सांगत होतास. होणारच आहे, होणारच आहे. हात वर करताना वाटलं, होणारच आहे तर अडवायचं कशाला?"

"अरे, मी सावध करत होतो!"

"नाही रे. तू परवानगी देत होतास."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं वाद जिंकला, आणि डोळे त्याचेच भरले. जाताना सांगितलं, रक्तदाब वाढलाय. दार, आरसा, मशीन, रस्ता — एकट्यानं बघायचं किती? पण मुलीचं शिक्षण होईपर्यंत गाडी सोडता येत नाही. ही नोकरी गेली तर त्याला दुसरं काही येत नाही, हे मला माहीत आहे. मला तरी काय येतं?

१५ जुलै

यापुढे भाकितं बंद. तोंडानं वाटोळं केलं माझं.

१८ जुलै

यादी लागली. मी स्वेच्छानिवृत्तीत. स्वेच्छा!

२३ जुलै

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिली खुर्ची. चालकाविना चालणाऱ्या बससाठी समिती नेमायची आहे. तुमच्यासारखी दूरचं बघणारी माणसं हवीत, म्हणाले. यादीतून नाव निघेल, निवृत्तीपर्यंत टेबल मिळेल. फक्त कामगारांच्या वतीनं एक टिपण द्यायचं — ड्रायव्हर किती वर्षांत लागणार नाहीत.

घरी सांगितलं. बायको माझा चांगला शर्ट काढून इस्त्रीला बसली.

२४ जुलै

'चार वर्षं' असं लिहून दिलं. सोमवारपासून रुजू. ड्रायव्हरला अजून सांगितलेलं नाही.