दरडीतली हातकुऱ्हाड

९ फेब्रु.
आज सापडली. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या दरडीत, गोट्यांच्या थरात अर्धी रुतलेली. अश्मयुगातली हातकुऱ्हाडच. दोन्ही बाजूंनी दगड छिलून धार काढलेली, टोक शाबूत. शाळेतून रिटायर झाल्यापासून गोळा केलेल्या दगडांवर पुण्याच्या पुरातत्त्ववाल्या डॉक्टरांचं एकच पालुपद: हे वाहत आलेलं, जागेवरचं दाखवा. आता घ्या जागेवरचं. हात लावला नाही. खुणेसाठी भोवती गेरूचं कडं केलं.

घरी आलो. सांगायला सुमन नाही. बायको जाऊन वर्ष होत आलं, तरी दार उघडताना तिला हाक मारायला तोंड उघडतंच.

११ फेब्रु.
डॉ. २३ला येणार, रविवारी. लेकाला फोन केला. मीटिंगमध्ये आहे म्हणाला. लाखो वर्षांमागचा माणूस बरा, निदान त्याला मीटिंग नाही. कालचीच वांगी खाल्ली.

१७ फेब्रु.
दगडावर हळदकुंकू, बाजूला उदबत्ती. तांबडं दिसलं की देव! आज्यानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव गंगेत सोडले. मी, त्याच्या नातवानं, गंगेतून नवा काढून दिला. एकट्यानंच हसलो. पुसावं तर खूणही जाईल, म्हणून राहू दिलं. गेरू लावला तेच चुकलं.

२१ फेब्रु.
दरडीत नुसतं भोक.

वर लिंबाखाली दगड उभा, शेंदूर थापलेला. पात्रात टरबुजं लावणाऱ्या कमलबाई तिथंच होत्या. म्हणाल्या, "धरणाचं पाणी सोडलं की दरड ढासळती, सर. देव वाहून गेला असता, म्हून आमी वर आणला." मी समजावलं, की हा देव नाही, लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाचं हत्यार आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग तर लय जुना देव हाय."

जागेवरून हलला की पुरावा संपला, हे कुणाला सांगू? राग आला. खरं तर रडू.

२२ फेब्रु.
दुपारी डॉ.चा फोन. "जागेवरच आहे ना?" हो म्हणून बसलो. शेंदूर काढायचा, दगड परत भोकात बसवायचा, वरून माती... कुणाला कळणार? पिशवीत रॉकेलची बाटली अन् जुना ब्रश घेऊन गेलो.

लिंबाखाली आता दोन दगड. दुसरा साधाच, नदीतला गोटा, त्यालाही शेंदूर. मी विचारायच्या आधीच कमलबाई बोलल्या.

"एकल्याला करमत न्हाई, सर. जोडीला आणून ठिवला."

मी पिशवी घेऊन तसाच उभा. त्या म्हणाल्या, "बसा की. घरी कोण वाट बघायलंय तुमची?"

बसलो. सुमनबद्दल बोललो, किती तरी वेळ. इतकं वर्षभरात कुणाशी बोललो नव्हतो.

बाटली तशीच भरलेली परत आणली, दगड जोडीलाच राहू दिला. डॉ. रात्रीच्या गाडीत बसले असतील. सकाळी त्यांना रिकाम्या दरडीकडे न्यायचं की लिंबाकडे?