सगळ्या मांड्यांना एकच भाव

१८ नोव्हेंबर १९५६, रविवार

कालपर्यंत आम्ही बुऱ्हाणपुरातल्या चार बाया लग्नघरी जाऊन खापरावर मांडे करत होतो. आजपासून म्हणे कंपनी झालो! नंदूनं केलं. नंदू माझा धाकटा, मिलच्या हिसाबखात्यात कारकून. मला अक्षर येत नाही, मी बोलते आणि त्याची बायको शोभा लिहून घेते. नवऱ्याची तक्रार असली की तिचा हात भराभर चालतो.

नंदू म्हणाला, "आई, मिलमध्ये महिन्याचा सगळा खर्च एकत्र करायचा, निघालेल्या कापडाच्या वारांनी भागायचा. झाली वाराची किंमत. तसंच मांड्याचं. लहान असो, मोठा असो, सगळ्यांना एकच भाव!"

मी म्हटलं, "बाबा, मिलीत दिवसभर एकच कापड निघतं. माझ्याकडे कोणाला तळहाताएवढा मांडा लागतो, कोणाला कोपरापर्यंतचा. कोणी शेजारचं, कोणी बैलगाडीनं दीड दिवसावर. आणि कापड रुसत नाही, व्याही रुसतो!"

"अगं, संस्थानं एक झाली, या महिन्यात प्रांत एक झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि तुझीच लग्नं तेवढी वेगवेगळी?"

भोपाळच मध्ये आणलं, मग मी हो म्हटलं!

२१ नोव्हेंबर, बुधवार

नंदू गावभर सांगून आला — एकच भाव. शोभा हसली. मीपण.

२५ नोव्हेंबर, रविवार

दीड दिवसावरच्या तुकईथडचे भाईदास पोरीच्या लग्नाचं बोलायला आले. भाव ऐकला. परत विचारला. "आजी, लहान-मोठा सारखाच? मंग आमाले कोपरापर्यंतचेच करा. अन् पुरणात खवा टाका." आले तेव्हा चालत आले होते, गेले ते उडत.

दुपारी गल्लीतले शालिग्राम. "वहिनी, आम्हाला साधे, लहान पाहिजेत. तरी भाव तोच? तुकईथडच्या बैलाला चारा आम्ही का घालायचा?" गेले ते जसोंडीच्या मांडेवाल्या बायांकडे. त्यांच्यामागे बाकीचं बुऱ्हाणपूरही गेलं. आमच्या दारात आता फक्त लांबची, मोठ्या मांड्यांची, खव्याची लग्नं — रांग लागलीय नुसती!

२ डिसेंबर, रविवार

तुकईथडहून आलो. कंबर अजून तिकडेच आहे.

नंदू घड्याळ घेऊन सोबत होता. तिथे रंभाबाईसमोर ठाण मांडून बसला. रंभा आमच्या चौघींतलीच, माझ्या बरोबरीची. तपकीर ओढते, जीभ तिखट, पण मांडा हातावर असा वाढवते की त्यातून नवरदेवाचं तोंड दिसावं. ती म्हणाली, "काय पाहून राहिला रे? लगीन कर माह्यासंग, मंग जलमभर पाह्यत बस!" अख्खा मांडव हसला. (शोभा, हेही लिही.) नंदूची नजर घड्याळावरच.

घरी आल्यावर म्हणतो, "नुकसान झालं. बाकीच्या बाया तीन मांडे उतरवतात तेवढ्यात रंभाबाईचा एक. तिला काढावं लागेल."

शोभा लिहायची थांबली. खापरापाशी रंभा नाही, हे मला दिसेचना.

३ डिसेंबर, सोमवार

नंदूला म्हटलं, बाकीच्या जाडंभरडं करतात, रंभा मलमल करते! दोन्ही एकाच भावानं विकल्यावर मलमलवालीच महाग दिसणार. तिला काढलंस तर मी खापराला हात लावणार नाही.

नंदू रागानं जेवला नाही. मी त्याच्या वाटचंही जेवले.

७ डिसेंबर, शुक्रवार

नंदू मिलमधून धावतच आला. तिथल्या लोहारखात्यात म्हणे मशिनी दुरुस्त होतात, आणि एक काम दुसऱ्यासारखं नसतं. म्हणून खर्चही कामागणिक वेगळा मांडतात. लोखंड किती, हात कोणाचे, वेळ किती — ज्याचं काम, त्याच्या माथी.

"आई, आपण कापडखातं नाहीच! आपण लोहारखातं आहोत!"

इतक्या आनंदानं कोणी आपल्या आईला लोहार म्हटलं नसेल. पोरगं हुशार आहे. आधी चुकीच्या खोलीत शिरलं होतं, एवढंच.

आता ज्याचं लग्न त्याचं सरपण, त्याची गाडी, त्याचा खवा. ज्याला पातळ आणि मोठा पाहिजे, त्यानं रंभाच्या वेळेचेही द्यावेत. शालिग्राम परत आले. रंभा राहिली! तिला जाऊन सांगितलं, तर म्हणते, "मले काढून राहिले होते? अन् मलेच कोनी सांगितलं नाही?" तासभर भांडली.

११ डिसेंबर, मंगळवार

सगळ्या बायांच्या हातांचा खर्च लग्नालग्नावर मांडून झाला. एकच बाई कुठल्याच लग्नात बसेना. पुरण चाखते, वरमाईशी भांडते, पाटावरून हुकूम सोडते. नंदू मान खाली घालून म्हणाला, "आई, तू नेमकं काय करतेस?"

म्हणजे काढायची ती मी!

तिथेच बसलेली रंभा उठली. "हिले काढशीन तं मी बी चालली." मग चिमूटभर तपकीर ओढली. "हिचा खर्च? सगळ्या लग्नांवर थोडी थोडी पसरव हिले. पन माह्या वाट्याले कमी दे, लय जड आहे!"