शंभरपर्यंत मोजणार

५ एप्रिल २०१७, बुधवार
बेंबीपाशी हर्निया. तलासरीच्या दवाखान्यात पुढच्या बुधवारी ऑपरेशन. बायको, चंद्रिका, होळीपासून गंजाडला माहेरी. निरोप आला : "घरात टिकत नाहीस, कामावर टिकत नाहीस. खाटेवर तरी टिकून दाखव, मग येते." बायको आहे का कंपनीची सुपरवायझर! दाखवतोच.
भूल देणाऱ्या मॅडम वलसाडहून येतात, फक्त बुधवारी. त्यांनी समजावलं. एकच औषध भरपूर मारत नाहीत. एक झोपेचं, एक दुखू नये म्हणून, एक पोट सैल पडावं म्हणून. तिन्ही शिरेतून, थोडं थोडं, एकमेकांच्या मदतीला. पोटाबरोबर श्वासही सैल पडतो, मग तो मशीन चालवतं.
माझा श्वास मशीन चालवणार? मी बाईक पण कोणाला देत नाही.
भीती नाही. फक्त लिहून ठेवलं.
संकल्प : झोपायचं नाही. शंभरपर्यंत मोजायचं. सगळं बघून घ्यायचं आणि पुढे हीच लाइन धरायची. फुग्याची कंपनी, चिकूचं पॅकिंग, वापी, कुठंच मन लागलं नाही, कारण डोक्याला काम नव्हतं.

१२ एप्रिल, बुधवार
चारोटी नाक्यावर दोन जीप. एक तलासरीची, एक विवळवेढ्याच्या जत्रेची. जत्रेची आधी भरली. देवीला सांगून मग ऑपरेशन, हेच बरोबर. मौत का कुआँ दोनदा बघितला. पाचला दवाखाना आठवला. तोवर मॅडम वलसाडला.

१९ एप्रिल, बुधवार
वेळेत हजर. रात्रीपासून अन्न नाही, पाणी नाही. मॅडमनी विचारलं, सकाळपासून काही घेतलं? म्हटलं, काही नाही. फक्त ताडी. दोन तांबे. शेजारचा लडक्या झाडावरून उतरतच होता, ताज्या ताडीला नाही कसं म्हणायचं?
मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे उमेशभाई! भुलेत ती उलटून छातीत गेली तर?" परत पाठवलं.
माझं म्हणणं एवढंच, ताडीचं नाव आधी घ्यायला हवं होतं. वर मागच्या वेळी दारूचं विचारलं तेव्हा मी "कधीतरी" म्हटलेलं, ते पण त्यांनी काढलं. ताडी काय दारू आहे? झाडाची आहे.
रात्री निरोप. "आता शेवटचा बुधवार. नाहीतर माझे राहिलेले कपडे पाठवून दे."

२६ एप्रिल, सकाळी ९
चंद्रिका स्वतः घेऊन आली. मनगट धरून, सगळ्या जीपसमोर. मॅडमना म्हणाली, "रोज दोन तांबे. सणाला मोजत नाही." मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं बेन, भुलेला हे माहीत लागतं." दोघींचं जमलं.
लडक्याशी पैज लावलीय, शंभर मोजणारच.

९.२०
बाथरूमला आलोय. चंद्रिका दाराबाहेर उभी. इथली खिडकी लहान आहे. सहज बघितली.

२७ एप्रिल
झालं. माझ्या अंदाजाने ऐंशी-नव्वदपर्यंत मोजलं. सिस्टर म्हणते, तीन. म्हणे पोट सैल करायचं औषध अजून सिरिंजमध्येच होतं, मी पहिल्या दोन औषधांतच गार. सिस्टरचं लक्ष नसेल.
शुद्धीवर येताना मी म्हणे ओरडलो, "चंद्रिके, जाऊ नको, मला भीती वाटते." सगळ्या वॉर्डने ऐकलं. मी समजावलं, ते औषध बोललं.
चंद्रिका म्हणाली, "मग मॅडमना विचारते, हे मिक्स्चर घरी देता येतं का. चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोललास."

दुपारी २
ती पेज आणायला गेली. हीच वेळ. चपला घातल्या, दारापर्यंत गेलो. टाका ओढला गेला. परत येऊन पडलो, डोळे मिटले.
ती आली. माझ्या पायांकडे बघितलं. चपला पायातच. काढल्या, स्वतःच्या पिशवीत टाकल्या, पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग हळूच विचारलं, "कुठं निघाला होतास?"
तेवढं ठरवायचं राहिलं होतं.