घंटेच्या वेळचा डाव

लिपा, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर

ती. टिलीताईस,
लॅम्बर्टचा सा. न. वि. वि.

मठात तुम्हाला फोन फक्त कुणी गेलं तरच देतात, आणि इथे सध्या सगळे ठणठणीत आहेत, म्हणून पत्र. मका निघाला. माझं पोट सुटलंय, हे तुला मुद्दाम कळवायला तुझ्या भावजयीने, जोलीनने, सांगितलंय.

आता खरं काम. २४ तारखेला आपल्या शाळेची हार्लोशी अमेरिकन फुटबॉलची मॅच आहे, आणि ही शेवटचीच. पुढच्या वर्षी आपली शाळा त्यांच्या शाळेत विलीन होणार, आपली पोरं त्यांचे हिरवे शर्ट घालणार. एकोणीस वर्षांत आपण हार्लोला एकदाही हरवलेलं नाही, आणि त्यातली अकरा वर्षं कोच मी आहे. परवा खाटकाच्या दुकानात झावाडिलबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की देवाने इजिप्तवर दहा संकटं धाडली, लिपावर मात्र एकट्या लॅम्बर्टला धाडून भागवलं.

मला एक डाव सुचलाय. वादळात मैदानाचे दिवे पडले तेव्हापासून मॅच चार वाजता सुरू होते. सहाला शेजारच्या आपल्या कॅथलिक चर्चची प्रार्थनेची घंटा वाजते. बाबांनी पंच असताना पाडलेली रीत तुला ठाऊकच आहे: शिट्टी न वाजवता पंच मान खाली घालतो, दोन्ही संघ उभे राहतात, अठरा ठोके होईपर्यंत कुणी हलत नाही. पण शिट्टी वाजत नाही, म्हणजे नियमाने खेळ चालूच असतो ना? त्याच वेळी आपल्या डेटनने चेंडू मागे ब्रेंटच्या हातात द्यायचा आणि ब्रेंटने पळत सुटायचं. काल सोमवारी पोरांना शिकवलंही. पोरं खूश आहेत. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

हे नियमात बसतं का, एवढंच कळव. पाप आहे का, ते नंतर बघू.

तुझा लोभ या पत्रानंतरही टिकेल अशी आशा धरून,
लॅम्बर्ट

•

सेंट ज्युलियाना मठ
१८ ऑक्टोबर

चि. लॅम्बर्ट यास,
अनेक आशीर्वाद, आणि कान पिळायला हात पोचत नाही म्हणून हे पत्र.

गाढवा, मी नन झाले म्हणून नियम विसरले नाही. दर उन्हाळ्यात बाबांना नियमपुस्तक कोण वाचून दाखवायचं? तू तेव्हा झाडावर असायचास.

फुटबॉल हा फसवण्याचाच खेळ आहे. चेंडू पोटाशी लपव, इकडे बघून तिकडे फेक, अर्धा संघ डावीकडे पळव आणि चेंडू उजवीकडे ने. कुणी काही म्हणणार नाही. पण खेळ आत्ता सुरू होतच नाहीये असं समोरच्याला भासवून चेंडू द्यायचा, हे चालत नाही. मागे एका शाळेचा कोच ओरडला, की हा चेंडू चुकीचा आहे, बदला. पोरगा चेंडू घेऊन पंचाकडे निघाल्यासारखा चालत गेला आणि मध्येच पळाला. पंधरा यार्ड मागे, गोल रद्द. तुझा डाव तोच आहे. फरक एवढाच, की ओरडायचं काम तू देवावर सोपवलंयस.

आणखी एक. वेगळा डाव असेल तर मॅचआधी तो पंचाच्या कानात सांगायची पद्धत आहे. हा डाव पंच टालबटच्या तोंडावर सांगून बघ. सांगता येत नसेल तर मला पत्रं लिहून वेळ घालवू नकोस.

पापाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. आहे. शिवाय रीत बाबांची आहे.

पोट कमी कर. माया आहे, पण सध्या ती रागाच्या खाली दबलीय.
तुझी ताई,
सिस्टर बर्नार्डा

•

लिपा
२६ ऑक्टोबर, रविवार

ती. टिलीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डाव रद्द केला. पोरांनी तोंडं पाडली. डेटन तेवढा म्हणाला, की बरं झालं, त्याच्या आजीने त्याला घरात घेतलं नसतं. तरीही आपण हरलो, आणि कसे हरलो ते तुलाच सांगू शकतो.

आपण चार गुणांनी मागे होतो. एक मिनिट उरलेलं, आणि चेंडू त्यांच्या गोलरेषेपासून आठ यार्डांवर. डेटन चेंडूवर वाकला आणि घंटा झाली. टालबट लूथरपंथी असूनही सगळ्यांत आधी मान खाली घालतो, त्याने घातली. मीही घातली. तिसऱ्या ठोक्याला वर बघतो तर चेंडू ब्रेंटच्या जोडलेल्या हातांत, आणि ब्रेंट सोमवारी शिकवल्यासारखा पळत सुटलेला. तो रेषेपार गेला तेव्हा हिरवे शर्टवाले अजून डोळे मिटून होते. आपले अर्धे लोक ओरडत होते, अर्धे प्रार्थना पुरी करत होते. झावाडिलबाई दोन्ही करत होत्या.

टालबटने पाहिलंच नव्हतं. त्याने डेटनला विचारलं. डेटन म्हणाला, क्रूसाची खूण करताना चेंडू हातातून निसटला. हार्लोचा कोच हसून म्हणाला, की मग आमचेही दोनचार गोल प्रार्थनेत निसटू देत. टालबट माझ्याकडे आला आणि म्हणाला, लॅम, तू सांगशील ते मी धरीन.

ताई, मी ‘निसटला’ म्हणालो असतो तर जिंकलो असतो. मी सांगितलं, की डाव मीच शिकवला होता, नंतर रद्द केला, पोरांनी मनाने केला असावा. पंधरा यार्ड. शेवटच्या डावात ब्रेंटने जीव तोडून धाव घेतली, पण चार यार्ड अलीकडे त्याला पाडलं. वेळ संपली.

आज चर्चनंतर झावाडिलबाईंनी मला कोलाचीचा गोड पाव दिला, मधल्या खड्ड्यात खसखशीचं सारण न भरलेला. नुसता खड्डा.

पण खरं दुखणं पुढे आहे. दुपारी डेटन चेंडू घेऊन घरी आला. म्हणाला, कोच, तुम्ही तरी बघा. घंटा झाली तशी उजव्या हातात चेंडू असतानाच तो सरळ उभा राहिला होता. आताही तशीच क्रूसाची खूण करून दाखवू लागला: कपाळ, छाती, डावा खांदा. खांद्याशी हात गेला आणि चेंडू मागे सटकला. माझ्या बैठकीत तो थेट जोलीनच्या दिव्यावर गेला. दिवा फुटला.

पोरगा खरं बोलत होता, आणि दोन गावांसमोर मी त्याला खोटं ठरवलं. गोलही घालवला. मला वाटत होतं, मी खरं बोलून सुटलो. आता टालबटला काय सांगू, आणि डेटनला काय?

तुझ्या प्रार्थनेत माझ्यासाठी जागा उरली असेल तर ठेव.
लॅम्बर्ट

•

सेंट ज्युलियाना मठ
३० ऑक्टोबर

चि. लॅम्बर्ट,
अनेक आशीर्वाद. या वेळी कान सोडले.

रडू नकोस, नीट वाच. चेंडू मागे देणाऱ्याने तो देण्याआधी असा हवेत उचलला तर तोच फाउल. शिट्टी तिथेच वाजते. मग कुणी पळो, उडो, तो गोल नाहीच. म्हणजे डेटन खराच होता, आणि तरीही गोल तुमचा कधी नव्हताच. तो तू घालवला नाहीस.

आता पुढचं, आणि बसून वाच. या फाउलचा दंड पाच यार्ड आहे, पंधरा नव्हे. स्वयंपाकघरात पिठावर रेघा मारून पाहिलं. ब्रेंट एकोणीस यार्ड पळाला. पाचच यार्ड मागे गेला असतात तर त्याला तेराच पळायचे होते.

वरचे दहा यार्ड पोरांचे नाहीत, तुझे आहेत. सोमवारचे. ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आठव्या आज्ञेचा नेब्रास्कातला दर तेवढा दिसतो. डाव शिकवलाच नसतास तर त्या पोरावर अविश्वास ठेवायचं तुला कारणच नव्हतं.

येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की दाराशी उभा राहा, आणि दोन गावांसमोर घेतलंस ते निदान एका गावासमोर परत कर. डेटनचं नाव घेऊन माफी माग. झावाडिलबाई सगळ्यांत पुढे असतील याची खात्री कर. टालबटला नियमाचं पान दाखव. त्यालाही डोळे मिटल्याचं जरा लागू दे.

आणि तुझ्या ताईचं ऐक. त्या संध्याकाळी सहाला मी स्वयंपाकघरातल्या रेडिओला कान लावून बसले होते. इथलीही घंटा वाजली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी ब्रेंटसाठी ओरडले. मठाच्या मदरनी विचारलं, की कोणता संत आठवला? खरं सांगितलं. आता महिनाभर घंटा वाजवायचं काम माझं. रोज अठरा ठोके मारते, डोळे उघडे ठेवून.

डेटनला निरोप दे: पुढच्या वर्षी हिरव्या शर्टात खेळशील तेव्हा क्रूस जरूर कर, पण आधी चेंडू खाली ठेव.

दिव्याबद्दल जोलीनची क्षमा माग. रागाखालची माया वर आली आहे, ती सांभाळ.
तुझी,
टिलीताई