पारातेनेची तसबीर

रोटोरुआ, ९ फेब्रुवारी १९०३

चि. हामिओरास ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी धुरावर वाळवलेली वाम पोचली. निम्मी शेजारणीनं चव बघता बघताच संपवली. बायकोला सांग, या खेपेला धूर छान लागलाय. मागच्या खेपेची तूच वाळवली असणार, ती चपलेला लावण्याजोगी होती. माझे गुडघे कुरकुरतात, पण गरम झऱ्यात बसलं की गप्प होतात.

इथे हॉटेलामागच्या खोलीत एक गोरा चित्रकार उतरलाय. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोंदलेल्या तोंडांच्या तसबिरी रंगवतो. तुम्ही लोक आता संपत आलात म्हणे, तेव्हा घाई करायला हवी. मी म्हटलं, घरी ये, माझ्या नातवंडांचा दंगा ऐक, मग कोण संपतंय ते सांग. तो हसला आणि त्यानं मलाच खुर्चीत बसवलं.

पुढचं लिहावं की नाही, कळत नाही. भिंतीशी एका म्हाताऱ्याची तसबीर वाळत ठेवली होती. त्याच्या गळ्यात आईचं टिकी आहे, हामिओरा, ती हिरव्या दगडात कोरलेली पूर्वजाची इवलीशी मूर्ती. तेच. चुलीच्या दगडावर पडून डावा पाय तुटलेलं. मी खुर्चीतून उठले आणि म्हाताऱ्याचं नाव विचारलं.

आपण लहान असताना गाव जाळायला गोरे सैनिक आले, त्या दिवशी त्यांच्या बाजूनं लढणारी आपल्यासारखीच गोंदलेली माणसंही होती, आठवतं ना? बाबांना अंगणात संगिनीनं भोसकून भोसकून मारलं. आईच्या गळ्यातलं टिकी त्या गोंदलेल्यांपैकी एकानं ओढलं. दोरी तुटेना, म्हणून त्यानं तिला दोरीसकट फरफटत नेलं. दलदलीतल्या गवताच्या पात्यांत मी तुझं तोंड दाबून बसले होते आणि तू माझा तळवा चावून फोडलास. तो माणूस मला पाठमोराच दिसला. इतकी वर्षं मी त्याचं तोंड शोधत होते. ते आता रंगवलेलं मिळालं.

नाव पारातेने, राहणारा माताताचा. चित्रकारानं सांगितलं. तू काही करू नकोस. पण तुला सांगितल्यावाचून मला घास गिळवेना.

माया आहेच, डोकं थंड ठेव.

तुझी ताई,
पिरिहिरा


ओपोटिकी, १८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बायकोनं विचारलं, तर ताईचे गुडघे दुखतात एवढंच सांगितलं.

तू पाठमोरा पाहिलास. तोंड मलाही दिसलं नाही, पण मी त्याहून जास्त पाहिलं, तुला कधी बोललो नाही. नंतर तू डोळे मिटून घेतले होतेस. माझे उघडे होते. त्यानं आईला ओढ्याच्या कडेला नेऊन बंदुकीच्या दस्त्यानं तिचं डोकं फोडलं. ती लगेच गेली नाही. तिनं हात आडवा धरला, तर त्यानं हातही मोडला. मग खाली बसून त्यानं टिकी पाण्यात धुतलं, सावकाश, जेवणानंतर भांडं धुवावं तसं.

सध्या रस्त्याच्या कामावर झुडपं तोडतोय. कोयत्याला धार चांगली आहे. मातातात एक घोडी विकायला आहे असं ऐकलं, ती बघून येतो म्हणतो. डोकं थंड ठेव म्हणतेस. इतकं थंड ते आजवर कधी नव्हतं.

पोरांना माझे पापे. तुझी माया राहू दे.

हामिओरा


रोटोरुआ, २४ फेब्रुवारी

चि. हामिओरास अनेक आशीर्वाद.

हे हातात पडेल तेव्हा जिथे असशील तिथून मागे फिर. बाकीचं नंतर वाच.

काल परत चित्रकारापुढे बसले. मी त्याच्याकडून म्हाताऱ्याची आणखी माहिती काढणार होते. तर त्यानं पेटी उघडली, टिकी काढलं आणि माझ्याच गळ्यात घातलं! ते त्याचं आहे. ऑकलंडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलंय. एकाच्या गळ्यातलं काढतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, तसबीर खुलते म्हणे. पारातेने तर ते घालायला तयारच नव्हता. कुणाच्या मढ्यावरचं असलं तर, असं म्हणाला होता. यानं तंबाखू देऊन त्याची समजूत काढली.

टिकी आईचंच आहे. पण तो म्हातारा चोर नाही, खुनी नाही. त्याचा यात काही संबंध नाही, हामिओरा. मीच तुझ्या डोक्यात त्याचं तोंड घातलं.

मी ते गळ्यातून काढून दिलं नाही. चित्रकारानं माझे केस धरले, तेव्हा मी त्याचं मनगट रक्त येईतो चावले. त्यानं मला रंगाच्या फळीनं हाणलं. कपाळावर खोक पडलीय. शिपाई आला. त्याला म्हटलं, हवं असेल तर मुंडक्यासकट ने. तो डोकं खाजवत गेला.

घोडी राहू दे. घरी जा, बायकोपाशी बस. पोचल्याचं दोन ओळींत कळव. तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहे.

पिरिहिरा


फाकाताने, पोलीस ठाणे, २ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

झालं. त्याचं घर शोधावं लागलं नाही, तसबीर काढलेला म्हातारा म्हटल्यावर कुणीही दाखवलं. म्हातारा दारात जाळं विणत बसला होता. मी कोयता घेऊन पुढ्यात उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं, जाळं खाली ठेवलं, धडपडत उठला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, रेवेटी. बाबांचं नाव, ताई! ज्याला मारलं त्याचं नाव याला पाठ! मला आणखी पुरावा नको होता.

पहिला घाव तोंडावर बसला. गालावरचं गोंदण कानापासून ओठापर्यंत उघडलं. तो पडला नाही. पुन्हा रेवेटी म्हणाला. दुसरा मानेखाली. तिसरा त्यानं हातावर घेतला, बोटं जाळ्यात पडली. त्याची मुलगी किंचाळत आली. मग गावच्या माणसांनी मला वल्ह्यांनी झोडपलं. एक डोळा बंद आहे, श्वास घेताना बरगडी टोचते. ते मला मारूनच टाकणार होते, पण म्हातारा पडल्या पडल्या काहीतरी बोलला आणि ते थांबले. वाटलं होतं, हलकं वाटेल.

इथवर काल लिहिलं. आज बायको तुझं पत्र घेऊन आली. मला वाचता येईना, तिनंच वाचलं. मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं, आणि कागद माझ्या अंगावर टाकून निघून गेली.

ताई, मग तो मला रेवेटी का म्हणाला? तो अजून जिवंत आहे म्हणतात. त्याच्या मुलीला लिही. विचार.

हामिओरा


माताता, १५ मार्च

पिरिहिराबाईंस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. तुमचं पत्र आलं, म्हणून उत्तर देते. मी हूरिया, पारातेनेची मुलगी.

बाबा परवा गेले. जखम सडली. वास एवढा, की पाहुणे ओसरीच्या पुढे येईनात. तुमच्या भावाला ऑकलंडला नेलंय, फाशी होईल असं शिपाई म्हणतो. मी त्याच्यासाठी रडणार नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बाप्तिस्म्याआधी बाबांचं नाव टुकी होतं. टुकी तुम्हाला आठवत असेल. पलीकडच्या खोऱ्यातून यायचा, रेवेटीचा जिवाभावाचा दोस्त, तुमच्या धाकट्याला खांद्यावर घेऊन ओढ्यात वाम धरायला न्यायचा. तुमचा भाऊ हुबेहूब बापासारखा दिसतो म्हणे. दारात पाहिल्यावर बाबांना वाटलं, मेलेला मित्रच न्यायला आला. त्यांना भीती वाटली नाही, आनंद झाला. घाव बसल्यावर हा मित्र नव्हे, त्याचा मुलगा, हे त्यांना कळलं; आमच्या माणसांना त्यांनी थांबवलं ते याचसाठी. मारू नका, हे पोर माझ्या रेवेटीचं आहे, असं ते म्हणाले.

तुमचं गाव जळलं तेव्हा धूर विझल्यावर बाबा तिथे गेले होते. तुम्हा दोघांना हाका मारत दलदलीत फिरले. तुम्ही सापडला नाहीत, मेलात असंच समजले. तुमच्या आईबापांचे देह त्यांनी एकट्यानं पाठीवर वाहून नेले आणि सैनिकांना उकरता येऊ नयेत अशा जागी पुरले. पुढे तुम्ही परत आलात तेव्हा तुम्हाला राख मिळाली असेल, हाडं नाहीत. ती जागा बाबांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. जाण्याआधी मला सांगितली. बोलताना गालातून वारा जायचा, म्हणून तीन-तीनदा विचारून घ्यावी लागली. रेवेटीच्या मुलांना सांग, असं म्हणाले.

मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही गयावया कराल, माणसं पाठवाल, पाद्र्याकडून लिहून घ्याल. तरी नाही. बापाचा शब्द मोडल्याचं पाप मला लागो.

आज सकाळी मी तिथे जाऊन आले. नेचे फार माजले होते, ते कापले. दगड सरकले होते, ते नीट लावले. दोघं शेजारी शेजारी आहेत. दरवर्षी जाऊन करत जाईन, त्यांची काळजी करू नका.

आपला लोभ मला नको.

हूरिया