काठोकाठ भरलेली वाटी

प्रिय अपा,

तुझ्या लेकीची दुरून घट्ट मिठी. आम्ही काराकोलला सुखरूप आहोत. तुझ्या नातीचा, आयदाईचा ताप उतरेल, तू काळजी करू नकोस. बाबांचे गुडघे कसे आहेत?

बर्फाने घाट बंद झालाय. हॉटेलवाल्यांनी पोरीचा खोकला ऐकताच आम्हाला दुसरीकडे बघायला सांगितलं. मग बुरुल-एजे नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी हाताला धरून आपल्या घरात आणलं. "पाहुण्याला दारात गोठवू का? चला, आत या!" रोज अर्धीच वाटी चहा ओततात, आपण पुन्हा मागावा, बसून राहावं म्हणून.

आज मात्र वाटी काठोकाठ भरली. आपल्यात त्याचा अर्थ एकच: प्या आणि निघा.

मी हसून म्हटलं, "एजे, आज हात फारच सढळ!"

"म्हातारीचा हात गं, थरथरतो," त्या म्हणाल्या. एवढ्यात आयदाई खोकली आणि त्यांनी पटकन आपल्या नातवाला उचलून आतल्या खोलीत नेलं.

चहा केव्हाच थंड झालाय, तरी मी घोट घेतलेला नाही. वाटी भरलेली असेपर्यंत पाहुण्याला कुणी ऊठ म्हणत नाही ना गं, अपा?

तुझ्या पदराशी मनाने बसलेली,
सईरा