मोहाची बाटली मोरीत

रविवार, संध्याकाळ

जावयानं मोहाची दारू मोरीत ओतली! सुखलालच्या डोळ्यांदेखत. वीस वर्षं फॅक्टरीत माझ्या बाजूला काम केलेला माणूस, बायकोनं घरी गाळलेली बाटली कुंडम गावाहून माझ्यासाठी घेऊन आला. अन् हा म्हणतो, "पापाजी, ये जहर है," आणि दुकानातली महागडी बाटली पुढे करतो. मोरीत! अजून वास येऊन राहिला आहे.

सुखलाल नुसता हसला, चपला घालून निघाला. मी काहून गप्प बसलो? पोरीचा संसार म्हणून? डोकं तर तापलं होतं.

फाटकापर्यंत धावत गेलो. म्हटलं, "माफ कर यार."

तो म्हणाला, "उसको क्या बोलूँ भैया, वो तो मुझे जानता नहीं. तुम तो जानते थे."